जुना व्हिडिओ गेम जमवायचा, पण कोणता?

वडवणी, प्रतिनिधी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची खोकी खाली उतरली, की त्यात एखादी विसरलेली वस्तू सापडते. पिवळट पडलेले प्लॅस्टिकचे यंत्र, वायरी गुंडाळलेले दोन रिमोट आणि लेबल निघालेल्या तीन-चार कॅसेट. बीड-परळी रस्त्यावरील वडवणीसारख्या गावांत १९९० च्या दशकात वाढलेल्या पिढीने या यंत्राला ‘कन्सोल’ असे कधी म्हटले नाही. त्या मुलांसाठी तो ‘टीव्ही गेम’ किंवा नुसताच ‘व्हिडिओ गेम’ होता. मुंबई-पुण्याला नोकरीस असलेल्या मामाने तो सुट्टीत आणलेला असे, नाहीतर बीडच्या बाजारातून वार्षिक परीक्षेच्या निकालाचे बक्षीस म्हणून तो घरी येई.

ही पिढी आता पस्तिशी-चाळिशीत आहे. हाती थोडा पैसा आला आहे आणि जुने खेळ पुन्हा जमवावेत, अशी हौसही निर्माण झाली आहे. परंतु जगभरात अशा यंत्रांचे अनेक प्रकार निघाले. सगळेच जमवायचे म्हटले तर पैसा, जागा आणि वेळ यांपैकी काहीच पुरत नाही. त्यामुळे संग्रहाला हात घालण्यापूर्वी एकच यंत्र निश्चित करणे शहाणपणाचे ठरते. ही निवड परदेशी संग्राहकांच्या यादीवरून करण्यापेक्षा आपल्या घरातील टीव्ही, आपली वीज, आपल्याकडचा दुरुस्ती कारागीर आणि आपण प्रत्यक्ष खेळलेले खेळ यांवरून केल्यास संग्रह टिकतो. अन्यथा महागडे यंत्र वर्षभरात पुन्हा माळ्यावर जाते.

भारतात काय आले, काय आले नाही

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १४,८०० येन किमतीला बाजारात आणले. मासायुकी उएमुरा हे त्याचे मुख्य रचनाकार. १९८५ मध्ये हेच यंत्र वेगळ्या बाह्यरूपात ‘निन्टेन्डो एन्टरटेनमेन्ट सिस्टिम’ या नावाने अमेरिकेत गेले. दोन्ही मिळून जगभरात ६ कोटी १९ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली.

भारतात १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढील दहा-बारा वर्षांत रंगीत संच निमशहरी घरांत पोहोचले. व्हिडिओ गेमवर मात्र आयात शुल्काचा मोठा बोजा होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास हे शुल्क ८० टक्के होते. निन्टेन्डोचे यंत्र ‘सामुराई’ या नावाने भारतात विकले गेले, तर सेगा कंपनीने १९९५ मध्ये शॉ वॉलेस समूहाशी करार करून ‘मेगा ड्राइव्ह’ आणले. त्याची किंमत होती १८ हजार रुपये. शिक्षक किंवा कारकुनाच्या घरात ही रक्कम खेळण्यावर खर्च होणे अशक्यच होते.

ही पोकळी भरून काढली ती फॅमिकॉमच्या नकलांनी. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी मिळणारी ही यंत्रे मूळ यंत्राच्या कितीतरी कमी किमतीत येत. मराठवाड्यातील बहुतेक मुलांनी मारिओ पाहिला तो या नकली यंत्रावरच, आणि ते नकली आहे याची त्यांना कल्पनाही नव्हती.

पहिला पर्याय : कॅसेटचा टीव्ही गेम

फॅमिकॉमची नक्कल इतकी सहज का झाली, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. अमेरिकी आवृत्तीत कंपनीने कुलपासारखे काम करणारी एक चिप बसविली होती. कॅसेटमधील चिपशी तिचा मेळ जमला नाही, तर खेळ सुरू होत नसे. जपानी फॅमिकॉममध्ये असे कुलूप नव्हते. पुढे तैवान व चीनमधील उत्पादकांनी मूळ यंत्रातील प्रोसेसर आणि चित्र निर्माण करणारी चिप यांच्या प्रतिकृती बनविल्या. कालांतराने दोन्ही एकाच चिपमध्ये सामावल्या. यंत्र उघडल्यावर हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसतो, तीच ही चिप. ती बिघडली तर दुरुस्त होत नाही. मात्र बाकीचे सुटे भाग, म्हणजे स्विच, सॉकेट, रिमोटची वायर, कोणत्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्याला बदलता येतात.

कॅसेटची गोष्टही अशीच आहे. जपानी कॅसेटला ६० पिना असतात, अमेरिकी कॅसेटला ७२. भारतात विकली गेलेली बहुतेक नकली यंत्रे ६० पिनांची आहेत. म्हणून परदेशातील नातेवाइकाने प्रेमाने पाठविलेली अमेरिकी कॅसेट या यंत्रात बसत नाही. त्यासाठी वेगळा जोड लागतो.

‘९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटचे रहस्यही अनेकांना ठाऊक नसेल. तिच्यात प्रत्यक्ष खेळ असतात थोडेच. पुढची सारी यादी म्हणजे तेच खेळ नाव बदलून किंवा मधल्याच टप्प्यापासून सुरू करून पुन्हा मांडलेले असतात. यात १९८३ ते १९८५ या काळातील खेळांचा भरणा असण्याचे कारण त्यांचा छोटा आकार. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये मावतो. सर्वांना परिचित असलेला रणगाड्यांचा ‘टँक १९९०’ म्हणजे नामको कंपनीच्या १९८५ च्या ‘बॅटल सिटी’त फेरफार करून बनविलेली अनधिकृत आवृत्ती होय.

या पर्यायाची जमेची बाजू म्हणजे यंत्र स्वस्त, साधे आणि ओळखीचे आहे. फॅमिकॉमसाठी जपानमध्ये हजाराहून अधिक खेळ निघाले आणि त्यांच्या मूळ कॅसेट या यंत्रांत बहुधा चालतात. उणी बाजू अशी, की नकली यंत्रांचा दर्जा एकसारखा नसतो. काहींत रंग व आवाज मूळ यंत्रापेक्षा वेगळे येतात.

दुसरा पर्याय : सेगा मेगा ड्राइव्ह

१९८८ मध्ये जपानमध्ये आलेले मेगा ड्राइव्ह हे सोळा बिटचे यंत्र. चित्रे अधिक रेखीव आणि ध्वनी भरदार. क्रिकेटप्रेमींसाठी १९९५ चा ‘ब्रायन लारा क्रिकेट’ हा या यंत्रावरील महत्त्वाचा खेळ होय. निन्टेन्डोच्या आठ बिटच्या यंत्रावर ‘इंटरनॅशनल क्रिकेट’ हा खेळ १९९२ मध्ये निघाला होता, पण तो ऑस्ट्रेलियापुरता मर्यादित राहिला.

मूळ भारतीय विक्रीतील मेगा ड्राइव्ह मिळणे कठीण आहे. किंमतच एवढी होती की विक्री मोजक्याच घरांत झाली. ज्यांच्या हाती असा संच खोक्यासह आणि पावतीसह लागेल, त्यांनी तो जरूर घ्यावा. केवळ खेळण्यासाठी म्हणून मात्र परदेशातून यंत्र, अ‍ॅडॉप्टर आणि कॅसेट मागविण्याचा खर्च हिशेबात धरावा लागतो. या यंत्राच्या पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीचे अ‍ॅडॉप्टर एकमेकांना चालत नाहीत, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तिसरा पर्याय : प्लेस्टेशन

सोनीचे पहिले प्लेस्टेशन ३ डिसेंबर १९९४ रोजी आणि दुसरे ४ मार्च २००० रोजी जपानमध्ये विक्रीस आले. सोनीच्या आकडेवारीनुसार दुसऱ्या यंत्राची विक्री १६ कोटींहून अधिक झाली. त्याचे उत्पादन २०१३ च्या आरंभी थांबल्याचे जाहीर झाले आणि २०१८ मध्ये जपानमधील अधिकृत दुरुस्ती सेवाही बंद झाली.

भारतीय संग्राहकासाठी दुसऱ्या प्लेस्टेशनचे वेगळे महत्त्व आहे. भारतात तयार झालेले खेळ या यंत्रावर आले. हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा २००९ चा खेळ, त्याच वर्षीचा देशी मैदानी खेळांवरील ‘देसी अड्डा’ आणि २०१० चा गल्ली क्रिकेटवरील ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ ही त्याची उदाहरणे. २००६ च्या अखेरीस आलेला ‘क्रिकेट ०७’ अनेकांनी संगणकावर खेळला असेल, तोही या यंत्रासाठी निघाला होता. केवळ भारतीय खेळांच्या मूळ डिस्क जमवायच्या ठरविल्या, तरी छोटा, आटोपशीर आणि अर्थपूर्ण संग्रह उभा राहतो.

दुसऱ्या प्लेस्टेशनवर पहिल्या प्लेस्टेशनच्या बहुतांश डिस्कही चालतात. त्यामुळे एका यंत्रात दोन पिढ्या सामावतात. धोका आहे तो डिस्क वाचणाऱ्या लेझरचा. हा भाग झिजतो, धुळीने मंदावतो आणि बदलावा लागतो. शिवाय आपल्याकडे वापरातील बरीच यंत्रे चिप बसवून नकली डिस्कवर चालविली गेली. अशा डिस्क सर्रास मिळतात, पण त्या बेकायदा प्रती आहेत आणि संग्रह म्हणून त्यांना मोल नाही.

चौथा पर्याय : हातातील खेळ

टीव्हीची कटकट नको असेल, त्यांच्यासाठी हातात धरून खेळण्याचे संच आहेत. निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ १९८९ चा. चार पेन्सिल सेलवर चालणारा. आपल्या बाजारात मात्र अधिक दिसला तो ठोकळे रचण्याचा ‘ब्रिक गेम’. जत्रेतील खेळण्यांच्या दुकानांतही तो मिळे. २००० च्या दशकात मराठवाड्यातील गावांत दिवसाचे कित्येक तास भारनियमन असे, तेव्हा टीव्ही गेम बंद पडला तरी हा खेळ चालू राही. संग्रहाचा श्रीगणेशा कमी खर्चात करायचा असल्यास हा उत्तम आरंभ आहे. फक्त सेल आतच राहून गळले आहेत का, पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला आहे का, हे झाकण उघडून पाहावे.

टीव्हीचा विचार आधी

यंत्र निवडताना सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो टीव्ही. जुनी यंत्रे काचेच्या नळीच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसाठी बनविलेली आहेत. मराठवाड्यातील अनेक घरांत असलेले असे संच पैठण तालुक्यातील चितेगावच्या व्हिडिओकॉन कारखान्यातून आलेले होते. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पिक्चर ट्यूबचे संच तर त्याआधीच घराघरांतून भंगारात जाऊ लागले होते.

सपाट टीव्हीवर जुना खेळ दिसतो, पण अडचणी येतात. बटण दाबणे आणि पडद्यावर उडी दिसणे यांत किंचित विलंब जाणवतो. बदकांवर नेम धरण्याची बंदूक तर चालतच नाही. घोडा ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो. पिक्चर ट्यूबचा तत्काळ प्रकाश गृहीत धरूनच ही योजना केलेली आहे. म्हणून बंदुकीसह टीव्ही गेम जमवायचा असेल, तर नळीचा एक छोटा टीव्ही राखून ठेवणे आवश्यक आहे. तो स्वतः उघडू नये. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब असू शकतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो.

आणखी एक बाब आहे. भारतातील ‘पाल’ पद्धतीत पडद्यावरील चित्र सेकंदाला ५० वेळा, तर जपान व अमेरिकेच्या पद्धतीत सुमारे ६० वेळा बदलते. त्यामुळे जपानी खेळ ‘पाल’ यंत्रावर जवळजवळ एक-षष्ठांशाने मंद चालतो. बालपणी अशा यंत्रावर खेळलेल्याला मूळ जपानी यंत्रावरचा मारिओ अचानक धावरा आणि त्याचे संगीत घाईचे वाटते. अधिक पैसे मोजून ‘अस्सल’ यंत्र आणले आणि आठवणीतला खेळ मात्र सापडला नाही, असे यातूनच घडते.

विजेचा हिशेब

जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२० आणि भारतात २३० व्होल्ट. तेथील अ‍ॅडॉप्टर येथील सॉकेटमध्ये थेट लावल्यास तो जळतो. केवळ व्होल्टचा आकडा जुळूनही भागत नाही. फॅमिकॉमला एकदिश प्रवाह लागतो, तर त्याच्या अमेरिकी आवृत्तीसोबत मिळणारा अ‍ॅडॉप्टर प्रत्यावर्ती प्रवाह देतो. पिन सारखी दिसते म्हणून तो फॅमिकॉमला जोडल्यास यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. पिनेच्या आतील टोक धन आहे की ऋण, हे यंत्रावर छापलेले असते. छापील खूण पुसली असेल तर मल्टिमीटर असलेल्या कारागिराकडून तपासून घ्यावे. हे काम दोन मिनिटांचे आहे.

खरेदी आणि जतन

जुन्या वस्तूंसाठी पुण्याचा जुना बाजार व मुंबईचा चोर बाजार, तर सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड प्रसिद्ध आहे. तथापि, बीड जिल्ह्यातील वाचकाने पहिली चौकशी आपल्याच नात्यागोत्यात, बंद पडलेल्या व्हिडिओ कॅसेट लायब्ररीच्या मालकाकडे आणि जुन्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात करावी. भंगारवाल्याकडे वजनावर गेलेला संच बहुधा वायरी कापूनच हाती येतो.

खरेदीपूर्वी यंत्र चालवून पाहावे. दोन्ही रिमोटचे प्रत्येक बटण दाबावे. कॅसेट घालताना सॉकेट सैल लागते का, ते तपासावे. मूळ म्हणून महाग विकली जाणारी कॅसेट असेल, तर लेबलची छपाई आणि शक्य झाल्यास आतील पट्टी पाहूनच पैसे द्यावेत. यंत्रापेक्षा कॅसेटवरच अधिक खर्च होतो, हे गृहीत धरून दरमहा किती रक्कम वेगळी काढायची ते आधी ठरवावे.

कॅसेट चालली नाही की फुंकर मारण्याची सवय सर्वांनाच होती. प्रत्यक्षात फुंकरीतील ओलाव्याने तांब्याच्या पट्ट्या गंजतात. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने संपर्क जुळे आणि श्रेय मात्र फुंकरीला मिळे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडविलेल्या कापसाच्या काडीने पट्ट्या पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात. धूळ आणि उन्हाळ्यातील उष्मा यांपासून बचावासाठी यंत्र पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. खेळाची प्रगती साठविणाऱ्या काही कॅसेटमध्ये नाण्याच्या आकाराचा सेल असतो. तो संपला की साठविलेले सारे पुसले जाते. तो बदलण्यासाठी झाळकाम लागते, म्हणून जाणकाराचीच मदत घ्यावी.

मग निवड कोणती?

ज्याला फक्त खेळायचे आहे आणि घरात सपाट टीव्हीच आहे, त्याने दुसरे प्लेस्टेशन घ्यावे. ज्याला खर्च टाळायचा आहे, त्याने ब्रिक गेमपासून आरंभ करावा. दुर्मीळ वस्तूची ओढ असलेल्याने भारतीय विक्रीतील मेगा ड्राइव्ह किंवा सामुराई यांचा शोध घ्यावा, पण सापडण्याची घाई करू नये.

वडवणी, माजलगाव किंवा धारूरसारख्या गावांत वाढलेल्या संग्राहकासाठी मात्र कॅसेटचा टीव्ही गेम हीच सर्वांत योग्य निवड ठरते. जपानी कॅसेटच्या तपशीलवार सूची परदेशी संग्राहकांनी तयार केल्या आहेत. भारतीय नावांनी विकल्या गेलेल्या नकली यंत्रांची अशी नोंद फारच विरळ आहे. ती कोणत्या वर्षी, कोणत्या दुकानात, किती रुपयांना मिळाली, खोक्यावर काय छापले होते, सोबत कोणत्या कॅसेट येत, हे सांगणारा पुरावा म्हणजे घराघरांतील उरलेली खोकी, दुकानाचा शिक्का असलेल्या पावत्या आणि हमीपत्रे. कॅसेट आज ना उद्या पुन्हा मिळू शकेल. पण खोके फाडून रद्दीत गेले, की त्या वस्तूचा इतिहासही जातो.

म्हणून यंत्र बंद असले तरी फेकू नये. पावती आणि खोके यांचे छायाचित्र काढावे. एका वहीत यंत्राचे नाव, खरेदीचे अंदाजे वर्ष, दुकान व गाव, आणि ते कोणी कोणासाठी आणले होते, एवढे लिहून ठेवावे. हे तपशील आई-वडिलांना किंवा मामांना आज विचारले, तर अजून सांगता येतील.